सात पिढ्या आणि एक तेलुगू ओळ

बॅनरवर एक ओळ तेलुगूत असावी ही सूचना माझी नव्हती, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. ती आमचे अध्यक्ष प्रमोदराव परळीकर वकील यांची होती. ओळीतले शब्द माझे होते ही गोष्ट वेगळी, आणि ती ओघाने येईलच.

आमच्या मंडळाचं नाव मूसीकाठ मराठी कुलवृत्तांत मंडळ. हैदराबादेत मुरलेल्या मराठी घराण्यांचा इतिहास गोळा करणं हे मंडळाचं काम. वर्षातून एकदा वार्षिक सभा होते आणि तिला जोडून वंशावळींचा मेळावा भरतो. मेळाव्यात प्रत्येक घराणं आपली वंशावळ भिंतीवर टांगतं आणि तिच्यापुढे टेबल मांडून बसतं. लोकांनी हिंडून एकमेकांच्या वंशावळी बघाव्यात अशी मूळ कल्पना. प्रत्यक्षात प्रत्येक जण आपल्या टेबलाशी बसून दुसरं कुणी येतंय का याची वाट बघतो, त्यामुळे कुणीच कुणाकडे जात नाही आणि जेवणाची हाक येईपर्यंत हॉलमध्ये फार शांतता असते. अपवाद फक्त लग्नाळू मुलामुलींच्या आयांचा. त्या सगळ्या भिंती वाचतात, पण अगदी खालची ओळ तेवढी. वरचे पूर्वज त्यांना नको असतात.

मी बाळकृष्ण बिलोलीकर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, राहणार नल्लकुंटा, या मंडळाचा चिटणीस. अध्यक्ष भाषण करतात, खजिनदार खोकतात आणि बाकीचं सगळं चिटणीस करतो. मंडळाचा एक जुना नियम आहे. ज्या घराण्याला सलग सात पिढ्या सांगता येतात त्यालाच भिंत मिळते. आमच्या स्वतःच्या वंशावळीत पाचव्या पिढीला थोडी अडचण आहे. तिथले गृहस्थ सगळीकडे ‘बाबा’ म्हणूनच ओळखले जात आणि त्यांचं पाळण्यातलं नाव आता कुणालाच ठाऊक नाही. मी तिथे ‘बाबा’ असंच लिहिलंय. बाबा हे नाव नव्हे, असं घटनेत कुठेही म्हटलेलं नाही.

तर बॅनर. यंदाचा मेळावा अंबरपेठेतल्या एका फंक्शन हॉलमध्ये होता. स्थानिक भाषेचा मान राखावा म्हणून प्रमोदरावांनी ती सूचना केली आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मला तेलुगू येतं अशी मंडळात माझी ख्याती आहे. ती मीच पसरवलेली आहे. माझा जन्म हैदराबादचा, मित्र दखनी बोलणारे, नोकरी इंग्रजीत आणि घरात मराठी. तेलुगू शिकायची कधी गरजच पडली नाही, कारण ती मला येतेच असं मी धरून चाललो होतो. शिवाय माझा एक सिद्धांत आहे. कोणताही संस्कृत शब्द घ्यावा, शेवटी ‘मु’ किंवा ‘म्’ लावावा आणि न घाबरता बोलावं. पुस्तकमु, भोजनमु, कार्यालयमु. या सिद्धांतावर मी अख्खी नोकरी काढली आहे.

गौलीगुड्यात यादगिरी नावाच्या गृहस्थांचं फ्लेक्सचं दुकान आहे. मी त्यांना वरची मराठी ओळ लिहून दिली आणि खालची तेलुगू ओळ तोंडी सांगितली. “मराठी कुल वार्षिक सम्मेलनम्.”

यादगिरींनी कॉम्प्युटरवरून मान वर केली. “कुल सम्मेलनम्-आ, सार? मी कुलमा?”

तेलुगूत ‘मी’ म्हणजे ‘तुमचं’. एवढं मला खरोखरच येतं. “अवुनु,” मी छाती काढून म्हणालो. “मा कुलमे.” म्हणजे, हो, आमचंच कुल. आणि आमच्या कामाचं गांभीर्य त्यांना कळावं म्हणून पुढचं हिंदीत सांगितलं, “सात पीढ़ियों का रिकॉर्ड है. बीच में एक भी बाहर का नहीं.”

यादगिरींनी आदराने मान हलवली. संध्याकाळी बॅनर न्यायला गेलो तर दोन्ही बाजूंना एकेक सिंह होता आणि खाली आणखी एक तेलुगू ओळ होती. ‘ऐक्यत वर्धिल्लालि’, म्हणजे एकजूट चिरायु होवो. “सब कुलमवाले डलवाते सार,” यादगिरी म्हणाले. “ये अपनी तरफ से, फ्री.” शहरातले इतर समाजही वंशावळी ठेवतात आणि त्यांचेही मेळावे भरतात हे ऐकून मला बरं वाटलं.

मेळाव्याच्या काही दिवस आधीच बॅनर हॉलच्या फाटकावर लागला. मी त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. थोड्या वेळाने आमच्या चिरंजीवांचा, परागचा गच्चीबावलीहून फोन आला. तो शाळेत तेलुगू शिकलेला आहे.

“बाबा, ये क्या लिखवाया? तेलुगूमध्ये याचा मीनिंग एकदम वेगळा होतो.”

“वरची मराठी ओळ वाचून दाखव,” मी म्हणालो.

तो ‘कुलवृत्तांत’वर अडकला, मग ‘कुलवृ... कुलवृत...’ करत राहिला. ज्याला स्वतःची भाषा वाचता येत नाही त्याने दुसऱ्याची शिकवू नये, असं त्याला समजावून मी फोन ठेवला. सुनीता, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, शेवग्याच्या शेंगा सोलत होती. “तो काय म्हणत होता ते ऐकून तर घ्यायचं,” ती म्हणाली. पण तिचा स्वभावच परेशान व्हायचा आहे.

दुसऱ्या दिवशी आमच्या दारात पाचसहा मोटारसायकली उभ्या राहिल्या. वॉर्डाची निवडणूक लागली होती आणि एक उमेदवार, ज्यांना सगळे नुसतं अण्णा म्हणतात, स्वतः जिना चढून वर आले होते. त्यांनी मला शाल घातली. चिटणीसपदाच्या इतक्या वर्षांत मला मिळालेली ही पहिली शाल, त्यामुळे ती कशासाठी हे विचारणं मला प्रशस्त वाटलं नाही.

“बॅनर देखा साब,” अण्णा म्हणाले. “भोत खुशी हुई. तुमारे कुलम के वोटां कित्ते?”

मला वाटलं ते आमच्या कार्यकारिणीच्या निवडणुकीबद्दल विचारतायत. “सात पीढ़ियों के हैं,” मी म्हणालो.

अण्णांनी कार्यकर्त्यांकडे सूचकपणे पाहिलं. “पुराने लोगां हैं. उसमें से कुछ तो गुज़र गए होंगे?”

“ज़्यादातर,” मी प्रामाणिकपणे सांगितलं.

“कोई बात नै साब,” अण्णा माझा हात दाबत म्हणाले, “उनका बी देख लेते.”

दिवंगतांबद्दल इतकी आस्था हल्लीच्या राजकारणात दिसत नाही, असं मी नंतर सुनीतालाही बोलून दाखवलं. संध्याकाळी अण्णांकडून हॉलवर खुर्च्या पोचल्या, पाठीवर त्यांचं नाव असलेल्या. आणि आमच्या बॅनरशेजारी त्यांचा त्याहून मोठा बॅनर लागला. त्यात अण्णा हात जोडून मराठी कुलबंधूंना तेलुगूत शुभेच्छा देत होते. मंडळाची अशी दखल आजवर कुणी घेतली नव्हती. प्रमोदराव तर जाता-येता दोनदा रिक्षा थांबवून बघून आले.

पण दखल घेणारे अण्णा एकटेच नव्हते. त्यांच्या विरोधी उमेदवाराने तक्रार केली आणि पोलिसांकडून मला आणि प्रमोदरावांना बोलावणं आलं.

पोलिसांचं बोलावणं आलं की आमच्या इमारतीत सल्ल्यांना ऊत येतो. खालच्या मजल्यावरचे रेड्डी म्हणाले, सरळ दवाखान्यात भरती व्हा, बीपी म्हणून सांगा, बीपीवाल्याला कुणी धरत नाही. वरच्या अलकाताई म्हणाल्या, घरातला सगळ्यात जुना शर्ट घालून जा, म्हणजे दया येते. समोरचे उमाजीराव म्हणाले, काही बोलूच नका. हा शेवटचा सल्ला सर्वांत चांगला होता, पण तो प्रमोदराव वकिलांना सांगण्याचं धैर्य कुणातच नव्हतं.

इन्स्पेक्टर एक बाई होत्या. माझ्या मुलीच्या वयाच्या, आणि माझ्या मुख्याध्यापकांच्या नजरेच्या. टेबलावर आमच्या बॅनरचा मोठा फोटो होता.

“ये क्या है सार?” त्या म्हणाल्या. “इलेक्शन के टाइम में कुलम मीटिंग? कँडिडेट के कुर्च्यां डाल के?”

“कुल म्हणजे, मॅडम, घराणं,” मी सुरुवात केली. “फॅमिली. पूर्वज.”

“मराठी में होगा. तेलुगू में कुलम बोले तो कास्ट, सार. जात.” त्यांनी ओळीवर पेन फिरवला. “आप लिखे हैं, मराठी जात का सालाना सम्मेलन. नीचे, एकजूट ज़िंदाबाद. ऊपर से दो सिंह.”

यादगिरींच्या दुकानात मी काय काय बोललो होतो ते एकेक करून आठवायला लागलं. बीच में एक भी बाहर का नहीं. अण्णांना दिलेली उत्तरंही आठवली, आणि ‘उनका बी देख लेते’ याचा अर्थ तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरला. घरी कपाटात ठेवलेली शाल मला तिथेच जड वाटू लागली.

प्रमोदराव मात्र उभे राहिले. त्यांनी मंडळाच्या घटनेतलं तिसरं कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं. मंडळ सर्व मराठी भाषकांना, जातिधर्मनिरपेक्ष, खुलं आहे. हे कलम त्यांनीच लिहिलेलं आहे आणि ते म्हणताना त्यांचा आवाज नेहमी थोडा भरून येतो.

“भोत अच्छा,” इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. “मेंबरां कौन कौन हैं?”

मी सभासदांची नावं पुढे केली. त्यांनी वाचायला सुरुवात केली. देशपांडे, जोशी, देशपांडे, कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, तेही आमच्यातलेच, कुलकर्णी, कुलकर्णी. इथे त्या थांबल्या.

“कुल-कर्णी,” त्या म्हणाल्या. “नाम में बी कुलम है.”

“तो वेगळा कुल आहे,” मी म्हणालो.

“ये सब एकीच जात के हैं ना, सार?”

“अजिबात नाही!” प्रमोदराव उसळून म्हणाले. “यात ऋग्वेदी देशस्थ आहेत, यजुर्वेदी देशस्थ आहेत. एक कऱ्हाडेसुद्धा आहेत. पूर्वी यांची आपसांत लग्नंही होत नसत!”

इन्स्पेक्टर बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, की इतवारी, म्हणजे मेळाव्याच्या दिवशी, त्या स्वतः हॉलवर येतील. घटनेत लिहिल्याप्रमाणे इतर लोकही मंडळात असलेले दिसले तर मेळावा खुशाल करावा. नाहीतर ती जातीची सभा धरली जाईल आणि हॉलला कुलूप लागेल.

बाहेर रिक्षात बसल्यावर प्रमोदरावांनी कपाळ पुसलं. नांदेड-परभणीहून पाहुणे निघायच्या बेतात होते, दोन घरच्या मुलामुलींचं बघणं मेळाव्यातच ठरलं होतं. “बिलोलीकर, आपल्यात इतर कुणी तरी असेलच हो. ते चित्पावन आहेत ना, बरकतपुऱ्याचे?”

“तिला त्यातला फरक कळणार नाही,” मी म्हणालो.

मग दोघांच्याही मनात एकच नाव आलं.

तातेराव गजभारे आमच्याच गल्लीत राहतात. टेलिफोन खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, रोज सकाळी माझ्याबरोबर पार्कात फिरणारे. मूळचे बिलोली तालुक्यातले, म्हणजे माझ्याच गावाकडचे. घराणं बौद्ध. दर वर्षी ते मेळाव्यात भिंत मिळावी म्हणून अर्ज करतात आणि दर वर्षी मी त्यांना ‘आपला अर्ज विचाराधीन आहे’ असं उत्तर पाठवतो, कारण तो सात पिढ्यांच्या नियमात अडकतो. उत्तर मी स्वतःच्या हाताने लिहितो, वळणदार अक्षरात, आणि खाली ‘आपला स्नेहांकित’ लिहायला विसरत नाही. ते मिळालं की तातेराव पार्कात ‘पोचलं हं’ एवढं म्हणतात आणि मग आम्ही गुडघ्यांबद्दल बोलतो.

मी गेलो तेव्हा ते पेपर वाचत होते. पलंगावर त्यांच्या आई, विठाबाई, पाय पसरून बसल्या होत्या. वय नव्वदीच्या पुढे, ऐकू कमी येतं, नजर मात्र घारीची. तातेराव लहान असताना गौलीगुड्याच्या बाजारात भाजी विकून त्यांनी मुलं शिकवली आणि त्याच बाजारात तेलुगू नि दखनी शिकल्या. माझ्यासारखा सिद्धांत लावून नव्हे, भाव करून.

“या, बिलोलीकर साहेब,” तातेराव म्हणाले. “यंदाचं विचाराधीन स्वतःच घेऊन आलात?”

“तातेराव, तुमचा अर्ज मंजूर झाला.”

त्यांनी चष्मा काढून पेपरवर ठेवला. “सात पिढ्या कुठं सापडल्या?”

मी मंडळाच्या व्यापक दृष्टिकोनाबद्दल थोडं बोललो. मग बदलत्या काळाबद्दल. ते ऐकत राहिले. शेवटी मी बॅनर, अण्णा, पोलीस असं सगळं ओकून टाकलं.

“ते ठाऊक आहे,” तातेराव म्हणाले. “मला तेलुगू वाचता येतं. बॅनर लागला त्याच दिवशी वाचला मी.”

“मग सांगितलं का नाही हो?”

“मला वाटलं, यंदा खरं लिहायचं ठरवलंय.”

आत त्यांची मुलगी रेणुका चहा करत होती. तिच्या हातातलं भांडं वाजलं. हसू दाबताना वाजतं तसं. मला वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट हे, की रागवायला काही जागाच सापडेना.

“येतो आम्ही,” तातेराव म्हणाले. “पण नमुना म्हणून नाही. पोलिसाला दाखवायला म्हणून तर नाहीच. सात पिढ्यांचा नियम सभेत, सगळ्यांसमोर, मत घेऊन काढा. तो निघाला की मग आमचं टेबल मांडा. आणि भिंत पंख्याखालची द्या. मायला उकाडा सहन होत नाही.”

“ती भिंत प्रमोदरावांची आहे,” मी हलक्या आवाजात म्हणालो.

“असू द्या ना.” ते पलंगाकडे वळले. “मागं एकदा तुमचा मेळावा बघायला मी मायला घेऊन आलतो. सगळ्या भिंती हिंडली, प्रत्येक ठिकाणी विचारायची, ह्यात आपलं कोन्तं रं? तिला स्वतःचं नाव तेवढं वाचता येतं, साहेब. ते एकदा त्या भिंतीवर बघायचंय तिला. पुढच्या विचाराधीनपर्यंत ती थांबेल, असं मला नाही वाटत.”

“काय म्हनतेत बामन?” विठाबाईंनी मोठ्याने विचारलं.

“या बार बोलावतेत!” तातेराव त्यांच्या कानाशी ओरडले.

“जेवायला का?”

“भिंतीवर!”

कार्यकारिणीची तातडीची बैठक प्रमोदरावांच्या घरी झाली. नियमाबद्दल ते चटकन तयार झाले. कायदा माणसांसाठी असतो, वगैरे. गाडी अडली ती पुढे. “नियम बदलता येईल, बिलोलीकर,” ते कळवळून म्हणाले, “पण पंखा?” मंडळ स्थापन झाल्यापासून, हॉल कुठलाही असो, पंख्याखालची भिंत परळीकरांची असते. त्यांनी ‘विशेष बाब म्हणून शिथिलता’ असा शब्दप्रयोग सुचवला, ‘निमंत्रित घराणं’ सुचवलं, स्वतःच्या खर्चाने टेबलफॅन द्यायलाही ते तयार झाले. शेवटी कुलपाचा विचार करून त्यांनी पंख्यावर पाणी सोडलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत असं त्यांच्या घरून कळलं.

इतवारी सकाळी मी स्वतः शिडीवर चढून बॅनरवरच्या ‘कुल’ या तेलुगू अक्षरांवर पांढरा कागद चिकटवला. सिंह तसेच ठेवावे लागले. अण्णांचा बॅनर गुंडाळून ठेवला आणि त्यांच्या खुर्च्यांच्या पाठींवर सुनीताने घरच्या जुन्या चादरी बांधल्या. हॉल दवाखान्यासारखा दिसायला लागला. एका कोपऱ्यात गजभारे कुटुंब वंशावळीची गुंडाळी घेऊन बसलं होतं, टेबलाशिवाय, ठरल्याप्रमाणे.

मी ठराव मांडला. हिम्मतराव जोशी ताडकन उठले. ते दर सभेला उठतात. “हा नियम गेला तर उद्या कुणीही येईल!”

“कुणीही यावं म्हणूनच तर मेळावा म्हणतात त्याला,” मागून आवाज आला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता आणि तो तिथेच थांबावा अशी मी मनोमन प्रार्थना केली. पण सुनीता पापडांच्या टेबलामागून पुढे आली. “मी येते दर वर्षी. भिंतीवर मी एका ओळीत आहे, ‘पत्नी सुनीता’, आणि ते नावसुद्धा लग्नात बदललेलं. माझ्या सात पिढ्या कुणी विचारल्या? इथल्या एका तरी बाईच्या विचारल्या? आणि सातचं एवढं कौतुक असेल तर आमच्या पाचव्या पिढीतल्या बाबांचं नाव काय ते आधी सांगा.”

सगळा हॉल माझ्याकडे बघू लागला. मी कागद चाळले. कागदांत काही नव्हतं.

“म्हणजे तुमच्याही सहाच?” हिम्मतराव जोशी खऱ्याखुऱ्या धक्क्याने म्हणाले. मग बहुधा त्यांना स्वतःच्या भिंतीवरचं काहीतरी आठवलं असावं, कारण ते एकदम खाली बसले. मी मत घेतलं. आधी बायकांचे हात वर झाले, सगळ्यांचे. मग पुरुषांचे, सावकाश, एकमेकांकडे बघत. ठराव बहुमताने मंजूर झाला, आणि खिडकीतून पोलिसांची जीप दिसल्यावर एकमताने.

तातेरावांनी आणि रेणुकाने वंशावळ उलगडून पंख्याखाली टांगली. खालचा भाग गच्च भरलेला होता. मुलं, मुली, सुना, जावई, नातवंडं, सगळ्यांची नावं, बायकांची माहेरच्या नावासकट. सगळ्या नावांच्या वर मोठ्या अक्षरांत ‘विठाबाई’. आणि त्याच्याही वर एकावर एक चार चौकटी होत्या, स्वच्छ आखलेल्या आणि रिकाम्या.

हिम्मतराव चष्मा सरसावत जवळ आले. “या चौकटींत कुणीच नाही की हो!”

“हायेत की,” विठाबाई म्हणाल्या. त्यांना नेमकं हे बरं ऐकू आलं. “लिवून ठिवलं नाही कुनी. म्हनून मी काय आभाळातून पडले का?”

मग त्या काठी टेकत भिंतीशी गेल्या आणि आपल्या नावावरून बोट फिरवत एकेक अक्षर वाचू लागल्या. वि. ठा. बा. ई. शेवटच्या अक्षरावर बोट तसंच ठेवून उभ्या राहिल्या. तातेराव खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांना लिहिलेली ती वळणदार अक्षरं डोळ्यांपुढे आली, आणि माझा चेहरा कुणाला दिसू नये म्हणून मी उगाचच पंख्याचा वेग वाढवायला गेलो.

तेवढ्यात इन्स्पेक्टर बाई आत आल्या. त्यांनी चादरी बांधलेल्या खुर्च्या पाहिल्या, भिंती पाहिल्या, देशपांडे, कुलकर्णी, देशपांडे असं पुटपुटत पूर्ण फेरी मारली आणि पंख्याखाली येऊन थांबल्या. रिकाम्या चौकटींकडे पाहिलं. मग विठाबाईंकडे.

“अम्मा,” त्यांनी विचारलं, “मी कुलम् एंटि?”

विठाबाईंनी कानामागे हात धरला. इन्स्पेक्टर बाईंना तोच प्रश्न मोठ्याने विचारावा लागला. तुमची जात काय, हे एवढ्या मोठ्याने आमच्या मेळाव्यात कुणी कधी विचारलं नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती. पापडांशी चाललेली कुजबुज थांबली. जात नसलेली सभा भरवायची तर आधी प्रत्येकाची जात विचारावी लागते, हे मला तेव्हा कळलं.

“कुलम् लेदु, बिड्डा,” विठाबाई म्हणाल्या. जात नाही, लेकरा. मग तेवढ्याने समजेल की नाही अशी शंका येऊन दखनीत म्हणाल्या, “पैले था. लोगां दिये थे. लोगों को वापस कर दिये.”

इन्स्पेक्टर बाई पहिल्यांदाच हसल्या. वाकून त्यांनी विठाबाईंच्या पायांना हात लावला आणि हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. “ठीक है सार. ये कुलम मीटिंग नै है. कर लो.”

प्रमोदरावांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की शेजारच्या टेबलावरची कुलकर्ण्यांची तिसरी पिढी उडाली. मी हात जोडून इन्स्पेक्टर बाईंना जेवायला थांबण्याचा आग्रह करू लागलो, पण त्यांनी पेन बंद केलं नव्हतं.

“एक मिनट. सेक्रेटरी का बी लिखना पड़ता, सार,” त्या म्हणाल्या. “मी कुलम्?”

मराठीत ‘मी’ म्हणजे मी.

“मराठी,” मी म्हणालो.

“वो तो भाषा है, सार.”

त्या पेन टेकवून थांबल्या. सगळा हॉल थांबला. समोरच्या भिंतीवर माझ्या सात पिढ्या टांगलेल्या होत्या, बाबांना धरून, ज्यांचा मी दर वर्षी माइकवरून मोठ्या अभिमानाने उल्लेख करतो. मी इन्स्पेक्टर बाईंच्या जवळ सरकलो, मान खाली घातली आणि डॉक्टरला दुखणं सांगावं तसा तो एक शब्द अगदी हळू सांगितला.

विठाबाईंनी कानामागे हात धरला.

“काय म्हनले?” त्या अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “मोठ्यानं सांगा की, साहेब. लाजायचं काय त्यात?”